जेफर्सन स्ट्रीटवरून निघालेला ठेका

१२ जुलै १९७९, शिकागो

तुम्ही कोमिस्की पार्क स्टेडियमच्या फाटकाशी रांगेत उभे आहात. काखेत एक डिस्को रेकॉर्ड आणि मुठीत ९८ सेंट. आजच्या प्रवेशाचा भाव तेवढाच. नकोशी झालेली रेकॉर्ड आणायची, ९८ सेंट मोजायचे आणि आत जायचं. शिकागो व्हाइट सॉक्स आणि डेट्रॉइट टायगर्स यांच्यात आज लागोपाठ दोन बेसबॉल सामने आहेत. पण पुढेमागे उभ्या असलेल्या पोरांच्या तोंडी सामन्याचं नावही नाही. स्टीव्ह डाल या रॉक रेडिओच्या निवेदकानं जाहीर केलंय, की जमलेल्या सगळ्या रेकॉर्ड दोन सामन्यांच्या मधल्या वेळात भर मैदानात स्फोटानं उडवल्या जातील.

आत पाय ठेवायला जागा नाही. पन्नास हजारांच्या आसपास माणसं आली आहेत. कुणी कुणी वरच्या सज्जातून रेकॉर्ड भिरकावतंय. त्या गवतात कडेवर रुतून उभ्या राहतायत. मग स्फोट होतो. काळे तुकडे उंच उडतात, मैदानाच्या मधोमध खड्डा पडतो आणि हजारो लोक कठडे ओलांडून खाली उतरतात. अखेर दंगल आवरायला पोलिसांची तुकडी येते. मैदानाची अशी नासधूस झालीय, की दुसरा सामना होतच नाही. तो डेट्रॉइटला बहाल केला जातो.

धूर विरतोय तोवर बाजूला बघा. प्रेक्षकांना जागा दाखवायच्या नोकरीवर असलेला एक कृष्णवर्णीय मुलगा हे सगळं पाहतोय. त्याचं नाव व्हिन्स लॉरेन्स. सिंथेसायझर घ्यायचा म्हणून तो पैसे साठवतोय. पुढे तो वारंवार सांगणार आहे, की लोकांनी आणलेल्या त्या ढिगात नुसता डिस्को नव्हता. कृष्णवर्णीय कलाकारांच्या सोल आणि आर अँड बीच्या रेकॉर्डही त्यात होत्या. त्याचं नाव लक्षात राहू द्या, तो पुन्हा भेटेल.

तुमच्या घरच्या कपाटात ‘क्लासिक हाउस’ असं काहीतरी लिहिलेली एक सीडी आहे. तिच्यावर पंधरावीस गाण्यांची नावं आहेत, वर्षं आहेत आणि अगदी बारीक अक्षरात काही हक्कधारकांची नावं आहेत. त्या सीडीचा प्रवास या धुरापासून सुरू होतो, हे मात्र तिच्यावर कुठेच छापलेलं नाही. म्हणून आपण इथून निघालो.

१९८०, शनिवारची रात्र, २०६ साउथ जेफर्सन स्ट्रीट

मध्यरात्र केव्हाच उलटलीय. एका तीन मजली जुन्या औद्योगिक इमारतीत तुम्ही जिना उतरताय आणि प्रत्येक पायरीवर हवा अधिक गरम, अधिक ओली होत जातेय. हा ‘वेअरहाउस’. रॉबर्ट विल्यम्सनं १९७७ मध्ये सुरू केलेला क्लब. इथं दारू मिळत नाही. पाणी आणि फळांचा रस मिळतो, कारण माणसं इथं पहाटेपर्यंत नव्हे, रविवारच्या दुपारपर्यंत नाचायला आलेली असतात.

आजूबाजूला पाहा. बहुतेक तरुण कृष्णवर्णीय आणि लॅटिनो आहेत, त्यांतले बरेचसे समलिंगी. आठवडाभर शहर त्यांना जे होऊ देत नाही, ते इथं त्यांना होता येतं. स्टेडियममध्ये जे संगीत उडवून देताना लोक आनंदानं ओरडत होते, ते याच माणसांचं होतं.

रेकॉर्ड लावणारा फ्रँकी नकल्स न्यू यॉर्कच्या ब्राँक्समधून आलाय. विल्यम्सनं आधी फ्रँकीचा मित्र लॅरी लव्हान याला विचारलं होतं. त्यानं नकार दिला आणि फ्रँकी आला. आता त्याच्यापुढे एक व्यावहारिक अडचण आहे. मोठ्या कंपन्यांनी डिस्कोमधून हात काढून घेतलाय आणि नाचायला लागतात तशा नव्या रेकॉर्ड येईनाशा झाल्या आहेत. तेव्हा तो जुन्याच गाण्यांना नवं रूप देतो. टेपच्या रिळावर गाणं घ्यायचं, ब्लेडनं कापायचं, आवडता तुकडा लांबवायचा, गायिका यायच्या आधीचा ठेका दुप्पट करायचा आणि पुन्हा जोडायचं. तीन मिनिटांच्या गाण्यात नाचणाऱ्याला जेवढी जागा नव्हती, तेवढी तो कात्री चालवून तयार करतो.

एकाएकी सगळे दिवे जातात. गडद अंधारात एका टोकाच्या स्पीकरमधून आगगाडीची धडधड सुरू होते, तुमच्या छातीवरून गेल्यासारखी खोली ओलांडते आणि दुसऱ्या टोकाला निघून जाते. लोक किंचाळतात. ठेका परत येतो तेव्हा तुमचे पाय आधीच त्याच्यावर पडलेले असतात.

दुपारी बाहेर पडाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात घ्या. आत्ता जे घडलं ते कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. त्याची एलपी नाही, त्यावर मालकी सांगणारा कुणी नाही. ज्यांनी पाहिलं, त्यांच्या अंगात ते आहे, एवढंच.

१९८२, मुंबई

शिकागोत पुढे जाण्याआधी थोडं वळण घेऊ. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले मुरलेले वादक. त्यांच्यासमोर रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रं मांडलेली आहेत. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ ही बेससाठीची चिमुकली पेटी. एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून ती बनवली होती. खऱ्या बेसच्या जवळपासही न जाणारा तिचा आवाज आणि तिच्यात सूर भरण्याची किचकट पद्धत यांमुळे गिटारवादकांनी तिला जवळ केलं नाही. पण ती एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकते, आणि मींड ज्याच्या कानात मुरलेली आहे त्याला त्याचं मोल लगेच कळतं.

सिंग भूपाळी वाजवतात, ललत वाजवतात, मधुवंती वाजवतात, मेघमल्हार वाजवतात. खाली ठेका एकसारखा, न थकता चालू असतो. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावानं एचएमव्हीतर्फे रेकॉर्ड निघते आणि फारसं कुणाचं लक्ष न वेधता बाजूला पडते. ती २०१० मध्ये पुन्हा निघेल तेव्हा जगभरचे ऐकणारे चकित होतील, कारण शिकागोत ज्या आवाजानं १९८७ मध्ये खळबळ उडवली, त्याच्याशी तिचं आश्चर्यकारक साम्य आहे. दोन्ही शहरांना एकमेकांची खबर नव्हती. दोन्हीकडे एकाच कंपनीची यंत्रं पोचली होती आणि दोन्हीकडे ती यंत्रं बनवणाऱ्यांच्या मनात नसलेल्या कामाला लागली.

मग सिंग यांच्या रेकॉर्डला २८ वर्षं थांबावं का लागलं? संगीत कमअस्सल होतं म्हणून नव्हे. तिच्या शेजारी ठेवायला दुसरी रेकॉर्ड नव्हती, तिला एखाद्या घराण्यात बसवून लोकांपुढे मांडणारं कुणी नव्हतं. शिकागोच्या वाट्याला असं कुणीतरी आलं. ते पाहायला तुम्हाला पुढे जायचंय.

१९८४ ते १९८७, पुन्हा शिकागो

व्हिन्स लॉरेन्सनं सिंथेसायझर घेतला. आता तो जेसी सॉन्डर्स या डीजेबरोबर काम करतोय आणि १९८४ मध्ये त्यांची ‘ऑन अँड ऑन’ ही रेकॉर्ड निघालीय. शिकागोच्या क्लबांत घडलेलं हे नवं नाचसंगीत म्हणजे ‘हाउस’, आणि त्याची विक्रीला आलेली पहिली रेकॉर्ड म्हणून बहुतेक जण हिचंच नाव घेतात. स्टेडियमवर स्फोट पाहणाऱ्या पोराचा हात तिच्यात आहे.

ती ज्या कारखान्यात छापली गेली तिथं चला. मालक लॅरी शर्मन. इथूनच त्याच वर्षी ‘ट्रॅक्स रेकॉर्ड्स’ ही कंपनी उभी राहिली. कारखान्यात तापलेल्या व्हिनाइलचा वास भरलाय. जुन्या, न खपलेल्या रेकॉर्ड वितळवून त्यांच्याच मालातून नव्या काढल्या जातायत. एक हातात घ्या. अजून कोमट आहे. उजेडात तिरकी धरली तर काळ्या रंगात कसकसले कण दिसतात. सुईखाली ती चरचरते, आणि तो चरचराट पुढे जगभर या संगीताबरोबर जाणार आहे.

मार्शल जेफर्सन टपालखात्यात नोकरी करतो. पियानो त्याला वेगानं वाजवता येत नाही, म्हणून तो यंत्राची लय उतरवतो, सावकाश वाजवून भरतो आणि नंतर लय चढवतो. १९८६ मधलं ‘मूव्ह युअर बॉडी’ असं तयार झालं. हाउसमध्ये पियानोचं स्थान या गाण्यानं पक्कं केलं.

दुसऱ्या एका खोलीत लॅरी हर्ड आहे. मूळचा ड्रमवादक, सरकारी नोकरीत. एक सिंथेसायझर, एक ड्रम मशीन, बाकी कुणी नाही. ‘कॅन यू फील इट’ हे त्याचं गाणं तुम्ही दाराशी उभं राहून ऐका. खाली बेस हळू चालतोय, वर स्वरांचे लांब, मऊ थर एकमेकांवर पसरतायत. कुणालाही ओढून नाचायला न नेणारं हे संगीत आहे. ऐकणाऱ्याचे खांदे मात्र आपोआप सैल होतात. एका माणसानं एका बैठकीच्या खोलीत एवढं काही केलं असेल, यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

आणि मग ‘म्युझिक बॉक्स’. या क्लबात रेकॉर्ड लावतो रॉन हार्डी. वेअरहाउसपेक्षा जास्त मोठा आवाज, जास्त वेग. मनात आलं तर तो गाणं उलटं वाजवतो. त्याच्याकडे पोरांनी एक कॅसेट आणून दिलीय. डीजे पिएर आणि त्याच्या दोघा साथीदारांनी त्याच टीबी-३०३ पेटीची बटणं वाजता वाजता पिरगाळून काहीतरी केलंय. ती पेटी बाजारात चालली नाही, कंपनीनं बनवणं थांबवलं, म्हणून ती जुन्या बाजारात पोरांच्या खिशाला परवडेल अशा भावात आली. हार्डी कॅसेट लावतो. पहिल्या वेळी लोक नाचायची जागा सोडून जातात. तो पुन्हा लावतो. मग पुन्हा. चौथ्या वेळी सगळी खोली वेडी होते. ११ मिनिटांहून लांब असलेला तो तुकडा १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ म्हणून निघाला.

तुमच्या सीडीवर ते गाणं असेलही, कदाचित निम्म्यावर कापलेलं. ते चौथ्यांदा लावण्याची हिंमत ज्यानं केली, त्या रॉन हार्डीचं नाव मात्र अशा सीडींवर क्वचितच सापडतं. त्याच्या स्वतःच्या रेकॉर्ड हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तो १९९२ मध्ये गेला. संकलनात ज्यांनी रेकॉर्ड काढल्या ते येतात; ज्यांनी रात्री घडवल्या ते बाहेर राहतात. या संगीताच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे असं मला वाटतं.

१९८६, लंडन

रेकॉर्डच्या दुकानात तुम्ही दोन खणांसमोर उभे आहात. एका खणात अमेरिकेहून आलेल्या बारा इंची रेकॉर्ड. महाग, मोजक्याच प्रती, आणि प्रत्येकीत एकच गाणं, फार तर त्याची तीन रूपं. ज्याला क्लबात वाजवायचंय तोच त्या घेतो. दुसऱ्या खणात एक एलपी आहे, ‘द हाउस साउंड ऑफ शिकागो’. लंडन रेकॉर्ड्सनं काढलेलं संकलन. एका एलपीच्या किमतीत एका अख्ख्या शहराचं संगीत.

तुम्ही ते उचलता. या क्षणी दुकानात जे होतंय त्याचं महत्त्व दुकानदारालाही ठाऊक नसेल. शिकागोत ही गाणी करणारे एकमेकांचे मित्र होते, स्पर्धक होते, एकमेकांच्या कल्पना ढापल्याबद्दल भांडणारे होते. एका वेष्टनात आल्याबरोबर ती एक चळवळ झाली. तिला नाव मिळालं, गाव मिळालं, क्रम मिळाला. शिकागो न पाहिलेल्या माणसाला शिकागोबद्दल बोलता येऊ लागलं.

पाठोपाठ फार्ली ‘जॅकमास्टर’ फंकचं, डॅरिल पँडीनं गायलेलं ‘लव्ह कान्ट टर्न अराउंड’ ब्रिटनच्या यादीत दहाव्या क्रमांकावर पोचतं. जानेवारी १९८७ मध्ये स्टीव्ह ‘सिल्क’ हर्लीचं ‘जॅक युअर बॉडी’ थेट पहिल्या क्रमांकावर जातं. शिकागोच्या एखाद्या खोलीत यंत्रावर रचलेलं गाणं समुद्रापार राजधानीत सर्वांत वर पोचलंय.

आता वेष्टन उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. संकलन काढणारी कंपनी गाणं विकत घेत नाही. ज्याच्याकडे हक्क आहेत त्याच्याकडून परवाना घेते आणि त्याला पैसे देते. हक्क कुणाकडे, हे ठरतं शिकागोतल्या एखाद्या टेबलावर, वकील सोबत नसलेल्या विशीतल्या पोरानं सही केलेल्या कागदावरून. कागदावर कंपनीचं नाव असेल तर पैसे कंपनीला. पुढे ते गाणाऱ्यापर्यंत आणि वाजवणाऱ्यापर्यंत पोचतात की नाही, हे दुकानातल्या तुम्हाला कधीच कळत नाही. तुम्ही मात्र प्रामाणिकपणे पैसे दिलेले असतात.

१९८८, डेट्रॉइट आणि मँचेस्टर

संकलनाच्या हातात किती ताकद असते हे पाहायचं तर या वर्षी डेट्रॉइटला यावं लागतं. ह्वान ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तिघं इथं आपलं यंत्रसंगीत घडवतायत. नील रश्टन हा इंग्लंडमधला माणूस त्यांच्या रेकॉर्ड गोळा करून एक संकलन काढतोय. रश्टन मूळचा नॉर्दर्न सोलवाला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या विस्मृतीत गेलेल्या सोल रेकॉर्ड शोधून काढायच्या आणि उत्तर इंग्लंडच्या नाचघरांत रात्रभर वाजवायच्या, हे त्या मंडळींचं व्रत. कान तयार, संग्रहाची चिकाटी.

संकलनाचं नाव ठरलंय ‘द हाउस साउंड ऑफ डेट्रॉइट’. शिकागोच्या संकलनाचा धाकटा भाऊ शोभेल असं. तेवढ्यात ॲटकिन्स आपलं नवं गाणं आणून देतो, ‘टेक्नो म्युझिक’. नाव बदलतं. संकलन बाहेर येतं ‘टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉइट’ म्हणून, आणि डेट्रॉइटचं संगीत त्या दिवसापासून शिकागोहून वेगळं घराणं ठरतं. वेष्टनावरच्या एका बदलानं दोन शहरांच्या वाटा जगाच्या दृष्टीनं वेगळ्या झाल्या.

त्याच वर्षी मँचेस्टर. व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर ‘हॅसिएन्डा’ क्लबच्या दारातून तुम्ही आत येता. खांबांवर पिवळेकाळे पट्टे, कारखान्यात धोक्याच्या जागी असतात तसे. १९८२ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सनं हा क्लब उघडला तेव्हा तो पुष्कळदा रिकामा असायचा. आता पाऊल टाकायला जागा नाही. माइक पिकरिंग शिकागो आणि डेट्रॉइटच्या रेकॉर्ड लावतोय. पियानो वाजायला लागला की शेकडो हात एकदम वर जातात. अनोळखी माणूस तुम्हाला मिठी मारतो. त्या मिठीत संगीत आहे तशी एक्स्टसी या अमली पदार्थाची गोळीही आहे, आणि ती काहींचा जीव घेणार आहे. पुढच्या काळात या रात्रींच्या आठवणींवर जी संकलनं निघतील, ती त्या गोळीबद्दल गप्प राहतील. शिकागो आणि न्यू यॉर्कच्या नाचघरांतली किती माणसं त्याच वर्षांत एड्सनं गेली, हेही त्यांच्यावर लिहिलेलं नसेल.

१९९४, इंग्लंडमधलं कुठलंही शहर

आता तुम्ही सत्तावीस-अठ्ठावीसचे आहात. नोकरी लागलीय, कदाचित घरात पाळणा हलतोय. शनिवारी दुपारी सीडीच्या दुकानात ‘क्लासिक हाउस मास्टरकट्स’चा पहिला भाग दिसतो. ‘क्लासिक’ हा शब्द वाचून तुम्ही थबकता, कारण ही गाणी जेमतेम सात-आठ वर्षांपूर्वीची आहेत. पण तुमच्या आयुष्याचा एक भाग खरोखरच मागे पडलाय. अठराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंतचा काळ फार झपाट्यानं इतिहासजमा होतो, आणि तेवढ्यात त्यावर चढवायला एक वेष्टन तयार असतं.

मास्टरकट्स मालिकेमागे इयन ड्यूहर्स्ट आहे. तोही नॉर्दर्न सोलच्या नाचघरांतला डीजे. त्या परंपरेची शिस्त इथं दिसते. गाणी एकमेकांत मिसळून टाकायची नाहीत, बारा इंची रेकॉर्डवरची लांब रूपं द्यायची आणि सोबत माहिती छापायची. घरी येऊन तुम्ही ती लावता. चरचराट पुसला गेलाय. कोमट व्हिनाइलवरची धूळ नाही, घाम नाही, अंधारातून जाणारी आगगाडी नाही. तरीही पहिला पियानो वाजतो आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तुमचे डोळे भरून येतात. हे भरून येणं खोटं नाही. बाजारानं वेष्टन विकलं म्हणून आत ठेवलेली आठवण नकली ठरत नाही.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्ट मंजूर होतो. उघड्यावर रात्रभर चालणाऱ्या मोठ्या नाचगर्दीला पांगवण्याचे अधिकार पोलिसांना मिळतात, आणि कायद्याच्या मजकुरात एकामागून एक येणाऱ्या त्याच त्या ठेक्यांचा स्पष्ट उल्लेख असतो. ज्या ठेक्यावर माळरानात एकत्र जमणं गुन्हा ठरू शकतो, तोच ठेका दुकानात ‘अभिजात’ म्हणून मांडलेला आहे. संगीत वस्तू झालं की चालतं. माणसं जमली की चालत नाही. १९९४ चं हे सत्य तुमच्या हातातल्या चकचकीत सीडीइतकंच खरं आहे.

२०१३ ते २०१६, लंडन

सीडी जायला लागल्या आहेत. मिनिस्ट्री ऑफ साउंड हा १९९१ मध्ये उघडलेला लंडनचा क्लब, आणि आता संकलनं काढणारी बलाढ्य कंपनी, न्यायालयात उभी आहे. समोर स्पॉटिफाय. तिथले वापरणारे मिनिस्ट्रीच्या संकलनांतली गाणी त्याच क्रमानं, त्याच नावाच्या याद्या करून ऐकतायत. गाणी इतरांची, त्यांचे परवाने स्पॉटिफायकडे आहेत. मिनिस्ट्रीचं म्हणणं एवढंच, की निवड आणि क्रम आमचा आहे, त्याला किंमत आहे. निकाल लागण्याआधीच २०१४ मध्ये तडजोड झाली.

एका श्रोत्याच्या नात्यानं तुम्ही त्या दालनात बसा आणि विचार करा. निवड ही खरोखरच मेहनत आहे. फ्रँकी नकल्सचं सगळं आयुष्य निवडीत आणि क्रमात गेलं. कुठल्या गाण्यानंतर कुठलं, हेच त्याचं रचनाकार्य होतं. जेफर्सन स्ट्रीटवर जे कुणाच्याच मालकीचं नव्हतं, त्याच्यावर मालकी सांगायला आता कंपनीचे वकील उभे आहेत. ३१ मार्च २०१४ ला नकल्स गेला. त्याच्या बहुतेक रात्रींचा क्रम कुणी नोंदवून ठेवलेला नव्हता.

२९ जुलै २०१५, रॉयल अल्बर्ट हॉल. बीबीसीच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात पीट टाँग आणि ज्युल्स बकलीचा हेरिटेज ऑर्केस्ट्रा क्लबातली गाणी व्हायोलिन, पितळी वाद्यं आणि गायकांसह वाजवतायत. एकेकाळी लंडन रेकॉर्ड्ससाठी शिकागोचं संगीत ब्रिटनमध्ये आणणाऱ्यांपैकी टाँग एक. पुढच्या वर्षी ‘क्लासिक हाउस’ या नावानं आलेला त्यांचा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाईल. तुमच्या रांगेतली पन्नाशीची माणसं उभी राहून हात वर करतात. मला हा सोहळा मनापासून आवडतो. एका ड्रम मशीनवर रचलेल्या सुरावटी पासष्ट वादकांचा भार सहज पेलतात, हे त्या रचनांचं मोठेपण इथं कळतं. पण लाल मखमली खुर्च्यांच्या या वर्तुळात कोमिस्की पार्क कुणाला आठवत असेल?

२०२२ आणि पुढे, शिकागो

शेवटी मूळ गावी परत या. लॅरी हर्ड आणि त्याच्याबरोबर गाणारा रॉबर्ट ओवन्स यांनी २०२० मध्ये ट्रॅक्सवर दावा लावला होता. १९८० च्या दशकातल्या आपल्या गाण्यांचे हक्क आपल्याला मिळावेत आणि थकलेला मोबदलाही. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि हक्क त्यांच्याकडे परतले. ‘कॅन यू फील इट’ ज्या माणसानं केलं त्याच्या मालकीचं व्हायला पस्तीसहून जास्त वर्षं लागली. त्याच साली मार्शल जेफर्सनसह आणखी कलाकार न्यायालयात गेले. या सगळ्या काळात ही गाणी संकलनांवर येत राहिली, पुन्हा पुन्हा विकली जात राहिली आणि तुमच्या-माझ्यासारखी माणसं ती ऐकून हळवी होत राहिली.

२०२३ मध्ये २०६ साउथ जेफर्सन स्ट्रीटच्या इमारतीला शहरानं संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. तिथून दक्षिणेला गेलात की स्टोनी आयलंड आर्ट्स बँक लागते. १९२३ मध्ये बांधलेली, पुढे मोडकळीला आलेली ही बँकेची इमारत कलाकार थीस्टर गेट्सनं पुन्हा उभी केली आणि २०१५ मध्ये लोकांसाठी खुली केली. फ्रँकी नकल्सच्या सुमारे ५,००० रेकॉर्ड इथं जपलेल्या आहेत. वेष्टनांच्या कडा झिजलेल्या, वर्षानुवर्षं हाताळलेल्या. हेही संकलनच आहे, पण विक्रीसाठी न केलेलं. इथं एका माणसाच्या कानानं आयुष्यभर काय काय निवडलं ते सगळं आहे, आवडतं आणि नावडतं, गाजलेलं आणि कुणी न ऐकलेलं. पंधरावीस गाण्यांच्या सीडीला जे परवडत नाही ते या कपाटांना परवडतं.

या प्रवासातून मी एकच गोष्ट तुमच्या पदरात टाकू इच्छितो. संकलन हा इतिहास लिहिण्याचा प्रकार आहे. कुणाचं गाणं पहिलं, कुणाचं वगळलं, कुठल्या गावाला कुठलं नाव मिळालं, हे एका वेष्टनावर ठरतं आणि मग पिढ्यानपिढ्या तसंच मानलं जातं. इतिहासाच्या पुस्तकाशी आपण जसं वागतो तसंच या सीडीशी वागायला हवं. प्रेमानं वाचावं आणि वाचताना प्रश्न विचारावेत. गाणं कापलेलं असेल तर अख्खं शोधा. बारीक अक्षरात कंपनीचं नाव असेल तर गाणाऱ्याचं आणि वाजवणाऱ्याचं नाव हुडका. हर्ड आता स्वतःच्या गाण्यांचा धनी आहे, तेव्हा त्याचं गाणं त्याच्याकडूनच विकत घ्या. आणि मुलांना हे संगीत ऐकवाल तेव्हा ते कुठल्या माणसांनी, कशाला तोंड देत घडवलं, तेही सांगा. स्टेडियममध्ये ज्या संगीताच्या रेकॉर्ड फोडल्या गेल्या, त्याला ज्यांनी मरू दिलं नाही, त्यांची नावं या गाण्यांइतकीच पाठ असायला हवीत.